पापनाशम : आजीच्या आठवणींचे कोठार

तंजावरहून कुंभकोणमकडे निघालेली गाडी अर्ध्या-पाऊण तासात पापनाशमला पोचते. दोन्ही बाजूंना भाताची खाचरे, मधूनच केळीची बाग, नारळीची रांग आणि थोड्या थोड्या अंतरावर एखादा कालवा नाही तर नदीचा फाटा. हाताची बोटे पसरावीत तशा कावेरीने इथे आपल्या शाखा पसरल्या आहेत. त्यांतलीच एक कुडमुरुट्टी. तमिळमध्ये 'कुडम' म्हणजे घागर. घागर गडगडवीत नेणारी ती कुडमुरुट्टी, असा या नावाचा अर्थ लागतो. तिच्याच काठी पापनाशम वसले आहे.

तामिळनाडूत पापनाशम नावाची दोन गावे आहेत, हे आधीच सांगितलेले बरे. दुसरे दूर दक्षिणेला, तिरुनेलवेली भागात ताम्रपर्णीच्या काठी. कमल हासनचा 'पापनाशम' हा २०१५ चा चित्रपट घडतो तो त्या गावात. हिंदीत 'दृश्यम' म्हणून आपण पाहिलेली तीच गोष्ट. तंजावर जिल्ह्यातले पापनाशम मात्र चित्रपटवाल्यांच्या वाटेवरचे नाही. इथे येतात ते देवाला आलेले, नाही तर माहेरी आलेले लोक.

गावातले मोठे देऊळ रामलिंगस्वामींचे. त्याला '१०८ शिवालय' म्हणतात. देवळात शिवलिंगांच्या रांगाच रांगा आहेत. त्यामागची कथा अशी : लंकेहून परतताना खर-दूषणांना मारल्याचे पाप रामाचा पाठलाग करू लागले. ते फेडण्यासाठी रामाने शिवलिंगे स्थापायचे ठरवले आणि मारुतीला काशीहून एक लिंग आणायला पाठवले. मारुतीला उशीर झाला. मुहूर्त टळू नये म्हणून सीतेने वाळूचे लिंग केले आणि त्याची पूजा उरकली. मारुती परत येऊन पाहतो तो आपल्या लिंगाला जागाच नाही! रागाच्या भरात त्याने वाळूच्या लिंगाला शेपटीचा विळखा घातला आणि उपटायला गेला. लिंग तसूभरही हलले नाही. मग रामाने त्याची समजूत घातली, त्याने आणलेले लिंग देवळाबाहेर स्थापले आणि त्याच्या दर्शनावाचून इथली पूजा पुरी होणार नाही, असे सांगितले. आतली १०७ आणि बाहेरचे ते एकशे आठवे.

रामेश्वरच्या कथेशी ही कथा बरीच जुळते. पण नातवंडांना ती आवडते ती मारुतीच्या रुसव्यामुळे. घरात उशिरा पोचलेल्या, पाठीमागे जेवायला बसावे लागलेल्या मुलाला आजी ही गोष्ट सांगते आणि शेवटी म्हणते, तुझे ताट बाहेर वाढले म्हणून काय झाले, त्याच्याशिवाय पंगत पुरी होत नाही. पुराणातली कथा ओसरीवर उतरते ती अशी.

गावात आणखी एक वास्तू आहे. तिरुप्पालैत्तुरै भागातल्या पालैवननाथरच्या देवळाच्या आवारात विटांचे एक गोल कोठार उभे आहे. वर निमुळत्या घुमटाचे, सुमारे ३६ फूट उंच. तंजावरच्या नायक राजांच्या काळात, सतराव्या शतकात ते बांधले गेले. त्यात तीन हजार कलम भात मावत असे, असे सांगतात. कलम हे जुने तमिळ माप. बारा मरक्काल म्हणजे एक कलम. देवाला आलेले धान्य इथे साठायचे, देवळाच्या पंगतींना आणि अडीनडीला बाहेर निघायचे. आज त्यात भात नाही. पुरातत्त्व खात्याने जपलेले स्मारक म्हणून ते उभे आहे.

राजाने धान्यासाठी एवढे पक्के कोठार बांधले. घराघरांतल्या आज्यांनी जे साठवले त्याला मात्र कुणी कोठार बांधले नाही. ते त्यांच्या हातात, तोंडात आणि डोक्यात राहिले.

ओसरीवरची शाळा

या भागातल्या जुन्या अग्रहारातल्या घरांना रस्त्याच्या बाजूला ओटा असतो. त्याला तमिळमध्ये तिण्णै म्हणतात. पूर्वी वाटसरूने त्यावर खुशाल पाठ टेकावी, घरच्यांनी पाणी विचारावे, अशी रीत होती. दुपारची कामे उरकली की आजी तिथे येऊन बसते. वाती वळता वळता, शेंगा सोलता सोलता तिची शाळा चालते.

पहाटे अंगणात सडा पडतो आणि त्यावर कोलम, म्हणजे आपली रांगोळी. आपल्याकडे रांगोळी दगडाच्या पुडीची. इथली जुनी बाई तांदळाच्या पिठाने कोलम घालते. का, असे विचारले तर ती सांगते, मुंग्यांना आणि चिमण्यांना सकाळचा पहिला घास आपल्या दारात मिळावा म्हणून. आता बाजारात पांढरी पूड मिळते, चिकटवायचे प्लास्टिकचे कोलमही मिळतात. ते दिसायला सुरेख असतात. मुंग्या मात्र उपाशी राहतात.

स्वयंपाकघरात आजीच्या हाताशी असते अंजरैप्पेट्टी. पाच खणांची पेटी, असा या नावाचा अर्थ. आपला मिसळणाचा डबाच तो. मोहरी, मिरे, जिरे, मेथी, हळद ज्याच्या त्याच्या खणात. जेवणही यातूनच आणि औषधही यातूनच. सर्दीला मिरे, पोटाला जिरे, लागले-खुपले तर हळद. आपण ज्याला 'आजीबाईचा बटवा' म्हणतो त्याला तमिळमध्ये 'पाट्टी वैद्यम' म्हणतात. पाट्टी म्हणजे आजी. दिवाळीच्या पहाटे अभ्यंग झाले की फराळाच्या आधी तळहातावर लेगियम मिळते. सुंठ, मिरे, पिंपळी, ओवा, गूळ, तूप असे सारे आटवून केलेले हे काळपट, तिखट-गोड चाटण. पुढे दिवसभर तळलेले खायचे असते, त्याची सोय पोटाला आधी करून ठेवायची. मुले तोंड वाकडे करतात. आजी मागे लागून चाटवते.

लेगियमचे हे साहित्य कुठल्याही पाकपुस्तकात मिळेल. अडते ते प्रमाणावर. सांबाराला चिंच किती घ्यायची, असे नातीने विचारले की उत्तर येते : "लिंबाएवढी." कुठले लिंबू? बाजारातले की परसातले? आजी हसते आणि हात पुढे करते. तिच्या मुठीत ते लिंबू असते. तांदूळ ती आळाक्कूने मोजते. आठ आळाक्कू म्हणजे एक पडी. देशात मेट्रिक मापे आली त्याला साठ वर्षे उलटून गेली, पण आजीचे पितळी माप तिच्या तांदळाच्या डब्यात तसेच आहे. ते माप हरवले की 'दोन आळाक्कू तांदूळ, एक आळाक्कू डाळ' ही पाककृती वहीत असूनही निरुपयोगी होते. म्हणून शहाण्या नातीने वही उघडण्याआधी ते माप आपल्या कपात एकदा ओतून पाहावे.

नदीचे डोहाळे

पापनाशमच्या आजीची श्रद्धा समजून घ्यायची तर आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी नदीवर जावे. इंग्रजी तारखेने हा दिवस ऑगस्टच्या आरंभी येतो. त्याला आडिप्पेरुक्कु म्हणतात. मेट्टूरच्या धरणातून कावेरीचे पाणी सोडण्याचा रिवाजाचा दिवस १२ जून. ते पाणी फाट्याफाट्यांतून खेडोपाडी पोचते, खाचरांत रोपे लागतात आणि नदीला भर येतो. या दिवसांत कावेरी गर्भार असते, अशी इथली समजूत. गर्भार बाईला डोहाळे लागायचेच! मग बायका तिच्यासाठी चिंचेचा, लिंबाचा, नारळाचा, दह्याचा असे निरनिराळे भात करून नेतात. ताडाच्या पानाची वळलेली कर्णभूषणे, काळे मणी, हळद-कुंकू, फुले पाण्यात सोडतात. एकमेकींच्या गळ्यात पिवळा दोरा बांधतात. मग घाटावर बसून तेच भात घरच्यांसह जेवतात. डोहाळजेवणाची ओटी भरणाऱ्या मराठी बाईला हे पाहून निराळे काही सांगावे लागत नाही.

पाऊस दगा देतो त्या वर्षी नदीत वाळूच दिसते. तेव्हा बायकांनी नळाच्या, बोअरच्या पाण्याची पूजा करून दिवस साजरा केल्याचेही दिसले आहे. कुठल्या वर्षी पाणी कितव्या पायरीला लागले, कुठल्या वर्षी घाट कोरडा राहिला, हे आजीला पाठ असते. १९२४ च्या जुलैत कावेरीला जो महापूर आला त्याच्या गोष्टी आज कुणी प्रत्यक्ष पाहिलेले सांगणार नाही. पण आईकडून ऐकलेले सांगणारी एखादी नव्वदीची आजी अजून भेटू शकते. सरकारी दफ्तरात पुराची उंची फुटांत असते. आजीच्या सांगण्यात ती 'गोठ्याच्या दावणीपर्यंत' अशी असते. घरच्यांना कळते ती दुसरी.

पापनाशमपासून जेमतेम सहा-सात किलोमीटरवर तिरुक्करुकावूर आहे. तिथे गर्भरक्षांबिकेचे देऊळ. नावातच सारे आले. मूल व्हावे म्हणून आलेल्या जोडप्यांना इथून तूप मिळते. दिवस राहिलेल्या बाईसाठी एरंडेल देतात, कळा सुरू झाल्या की ते पोटावर हलक्या हाताने चोळायचे. मूल झाले की त्याला घेऊन पुन्हा दर्शनाला यायचे. आज तामिळनाडूभरच्या सुना-लेकी येतात, हातात सोनोग्राफीची फाईलही असते. डॉक्टरांकडे जाणे आणि देवीकडे येणे यांत त्यांना काही विरोध वाटत नाही. आजीच्या काळी मात्र वाटेवर दुसरे काही नव्हते. बाळंतपणात बायका दगावत. त्या दिवसांत या देवळाची पायरी चढणारी बाई काय मागत असेल याचा अंदाज आज नीटसा येत नाही. तिने म्हटलेले स्तोत्र छापील मिळते. तिने मागितले काय, ते तिने सांगितले तरच कळते. घरोघरी विचारायचे राहून जाते ते हेच.

मराठीचा धागा

पापनाशमच्या पश्चिमेला सुमारे पंचवीस किलोमीटरवर तंजावर, पूर्वेला पंधराएक किलोमीटरवर कुंभकोणम. दोन्ही गावांत मराठी घरे आहेत, आणि ती आजची नाहीत. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरला राज्य स्थापले त्याला १६७६ हे साल धरतात. १८५५ साली वारस नाही या सबबीवर इंग्रजांनी ते खालसा केले. मधल्या पावणेदोनशे वर्षांत महाराष्ट्रातून आलेली कारकून, पंडित, कीर्तनकार, शिलेदार अशी कितीतरी घराणी कावेरीकाठी रुजली. बडोद्याचे दिवाण म्हणून आपल्याला ठाऊक असलेले सर टी. माधवराव १८२८ साली जन्मले ते कुंभकोणमला.

तंजावरजवळ पुन्नैनल्लूरला मारिअम्माचे मोठे देऊळ आहे. व्यंकोजीराजांच्या स्वप्नात देवी आली आणि पुन्नैच्या रानातली आपली जागा तिने दाखवली, अशी तिथली कथा. तुळजापूरची भवानी मनात घेऊन आलेल्या मराठी बायकांनी ही आई आपली मानली. आपल्या समर्थांचे मठही तंजावर आणि मन्नारगुडीला आले. मराठी कीर्तनाच्या वळणावर इथे तमिळ हरिकथा उभी राहिली. तंजावर कृष्ण भागवतरांनी एकोणिसाव्या शतकात तिला रूप दिले. तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी हे छंद आले ते या वाटेने.

स्वयंपाकघरात तर हा धागा रोज सापडतो. तंजावरकडे तमिळ घरात 'पिट्लै' करतात, त्यात आपले पिठले ओळखू येते, जरी आत कारले आणि तुरीची डाळ असली तरी. 'रसवांगी' हे तर सरळ रसातले वांगे. 'डांगर पच्चडी'तले डांगर आपल्याकडच्यासारखेच उडदाच्या पिठाचे. 'कोसुमल्ली' म्हणजे कोशिंबीर. सांबार हा शब्द संभाजी राजांवरून आला, अशी गोष्टही तंजावरला रंगवून सांगतात. ती आख्यायिका म्हणून ऐकावी, पुरावा मागू नये.

या मराठी घरांतल्या आजीची भाषा घरात मराठी, दारात तमिळ. तिची मराठी पुण्या-मुंबईची नव्हे. तिच्यात जुने शब्द टिकले आहेत आणि तमिळचा हेलही मिसळला आहे. अडचण आहे लिपीची. शाळा तमिळमध्ये झालेली, त्यामुळे पुष्कळ घरांत मराठी बोलतात पण लिहितात तमिळ अक्षरांत. तमिळमध्ये क, ख, ग, घ या चारांना मिळून एकच अक्षर. ट-ठ-ड-ढ, त-थ-द-ध, प-फ-ब-भ यांचेही तेच. म्हणजे 'काठ', 'गाठ', 'घाट' आणि 'खाट' हे चारही शब्द कागदावर एकसारखे दिसू शकतात! 'ताट', 'थाट' आणि 'दाट' यांचे तसेच. आजीला वाचताना अडत नाही, कारण शब्द तिला आधीच ठाऊक असतात. चेन्नईत किंवा अमेरिकेत वाढलेल्या नातवाच्या हाती ती वही पडली की त्याला ते कोडे होते.

यावर एक तोडगा तमिळ लिपीत स्तोत्रे छापणाऱ्यांनी पूर्वीच काढला आहे. अक्षराच्या खांद्यावर ते २, ३, ४ असे बारीक आकडे देतात, म्हणजे वर्गातला कितवा वर्ण ते कळते. आजीच्या वहीची प्रत करताना असे आकडे घातले तरी ती वही बोलू लागेल. मात्र ते काम आजी शेजारी बसलेली असतानाच करायला हवे. नंतर 'काठ' की 'गाठ' हे सांगणार कोण?

लिहिले ते वाचले

तंजावरच्या राजांना लिहून ठेवण्याची हौस दांडगी. जुन्यांत जुनी मानली जाणारी मराठी नाटके याच दरबारातली. सरफोजीराजे दुसरे यांनी भोसले घराण्याचा इतिहास १८०३ साली बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर कोरून घेतला. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनीच नावारूपाला आणले. तिथे मोडी कागदांचे शेकडो रुमाल आहेत. सरफोजींच्या मुदपाकखान्यातली टिपणेसुद्धा 'शरभेंद्र पाकशास्त्र' या नावाने छापून आली आहेत. बायकांनी कसे वागावे हेही लिहिले गेले. अठराव्या शतकात तंजावरच्या त्र्यंबकयज्वा नावाच्या पंडिताने 'स्त्रीधर्मपद्धती' हा संस्कृत ग्रंथ रचला. पहाटे उठल्यापासून रात्री निजेपर्यंत बाईने काय करावे, याचा त्यात बारीक विचार आहे. त्या वाड्यातल्या बायका प्रत्यक्षात काय करत, कशाला हसत, कशाची भीती बाळगत, मुलाला निजवताना काय म्हणत, याला मात्र रुमाल मिळाला नाही.

घरातल्या बाईने स्वतः लेखणी धरली की काय होते, याचे उदाहरण तमिळ घरांत आजही कपाटात सापडते. एस. मीनाक्षी अम्माळ यांचे 'समैत्तुप् पार', म्हणजे 'शिजवून पाहा', हे पुस्तक १९५१ साली निघाले. त्यांना ऐन तरुणपणी वैधव्य आले. हाताला चव होती, आणि नातलग दूरदूरहून पत्राने पाककृती विचारत. त्यांना उत्तरे लिहिता लिहिता पुस्तकाची कल्पना निघाली. चिमूट, मूठ आणि अंदाज यांचे जग त्यांनी मापात बसवले. सासरी जाणाऱ्या मुलीच्या ट्रंकेत हे पुस्तक घालण्याची पद्धतच पडली. पुढे इंग्रजीसह इतर भाषांत ते गेले.

दुसरे उदाहरण निराळ्या जातीचे. कामगार आणि स्त्रियांच्या चळवळीत आयुष्य घातलेल्या मैथिली शिवरामन यांनी आपल्या आईच्या आईवर, १८९७ साली जन्मलेल्या सुब्बलक्ष्मी यांच्यावर, पुस्तक लिहिले. ते २००६ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाले. हातात होते काय, तर आजीच्या मागे राहिलेली डायरीची पाने, पत्रे, वाचलेल्या पुस्तकांची टिपणे आणि घरच्यांच्या तुटक आठवणी. लहानपणी लग्न झालेली, शिक्षणाला मुकलेली, दुखण्याने घेरलेली आणि तरीही वाचनाचा ध्यास असलेली ही बाई घरातल्या घरात अनोळखीच राहिली होती. नातीने कागद जुळवले तेव्हा ती दिसली.

पापनाशमच्या नावाशी जोडलेले एक घरही इथे आठवते. पापनाशम शिवन यांचा जन्म १८९० सालचा, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या पोलगमचा. भाऊ पापनाशमला राहत, म्हणून ते इथे आले आणि गावाचे नाव त्यांना कायमचे चिकटले. त्यांच्या शेकडो तमिळ कीर्तनांपैकी पुष्कळशी भजनाच्या ओघात, देवळाच्या वाटेवर सुचलेली. १९७३ साली ते गेले. त्यांची कीर्तने पुढे पोचवण्यात त्यांच्या कन्या रुक्मिणी रमणी यांचा वाटा मोठा आहे. समोर बसून, चाल ऐकून, तशीच शिकवून.

आपल्याकडेही या कामाची मोठी परंपरा आहे. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या 'स्त्रीजीवन'मध्ये जमा केल्या. पुढे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगाव हिंडणाऱ्या कार्यकर्त्यांच्या साथीने जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून 'परी' ही संस्था त्या आवाजासह लोकांपुढे आणते आहे. जाती केव्हाच अडगळीत गेली होती. पण खुंटा हातात आल्यावर म्हाताऱ्या बायकांना ओव्या भराभर आठवत, हा अनुभव गोळा करणाऱ्यांना पुन्हा पुन्हा आला.

आजीला विचारायचे कसे

यातच युक्ती आहे. "आजी, तुझ्या आयुष्याबद्दल सांग," असे म्हणून समोर फोन धरला तर आजी पदर सावरते, घसा खाकरते आणि सांगण्यासारखे काही नाही म्हणते. तेच "हे पातेले कुणी दिले?" असे विचारले तर अर्धा तास कसा जातो कळत नाही. पातेल्यावर नाव कोरलेले असते, नावामागे लग्न असते, लग्नामागे रुसवा-फुगवा असतो. हातात काम असले म्हणजे तिला शब्द सापडतात. वाती, शेवया, पापड, अंगणातले कोलम, यांच्या सोबतीनेच तिला बोलते करावे. आवाज तिच्या स्वतःच्या भाषेत टिपावा, शुद्ध करायला जाऊ नये.

साल विचारले तर तिला सांगता येत नाही. तंजावरकडे त्यालाही उपाय आहे. कुंभकोणमला बारा वर्षांनी महामहम भरतो. "तुझा बाबा महामहमच्या वेळी केवढा होता?" असे विचारावे. १९४५, १९५६, १९६८, १९८०, १९९२, २००४, २०१६ हे महामहम ठरलेले आहेत. त्यावरून हिशेब लागतो. आपल्याकडे नाशिकच्या सिंहस्थाचा, पानशेतच्या पुराचा किंवा कोयनेच्या भूकंपाचा असाच उपयोग होतो.

आणि एक नाजूक गोष्ट. घरच्यांना आजीची गोड आठवण हवी असते. लाडू, गोष्टी, देवपूजा. पण तिच्या आठवणीत कडूही असते. लहान वयात सोडावी लागलेली शाळा, देवाघरी गेलेले मूल, विधवा म्हणून मंगलकार्यात मागे उभ्या राहिलेल्या मोठ्या जाऊबाई. पुष्कळ घरांत हे सांगायला लागली की "जाऊ दे आजी, आता कशाला ते" म्हणून तिला गप्प करतात. ती गप्प होते. पुढे नुसते लाडवांचे प्रमाण उरते. तिची श्रद्धा कशाने टिकली ते कळायचे तर तिच्यावर काय काय गुदरले ते ऐकावेच लागते. कुठले चारचौघांत वाचायचे आणि कुठले मिटून ठेवायचे, हे मात्र तिने ठरवावे. तिचा शब्द मोडू नये.

पापनाशमला जायचे तर तंजावर किंवा कुंभकोणम कुठल्याही बाजूने रेल्वे आहे, बसही सारख्या असतात. मुक्काम कुंभकोणमला सोयीचा. सकाळी लवकर निघून आधी १०८ शिवालय करावे, बाहेरच्या मारुतीच्या लिंगाला विसरू नये. मग पालैवननाथरच्या आवारातले कोठार पाहावे आणि दुपारी देवळे मिटण्याच्या आत तिरुक्करुकावूरला पोचावे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये इथे परतीचा पाऊस असतो. जानेवारीत पोंगलच्या सुमारास कापणी चालू असते आणि दारोदारी मोठमोठे कोलम असतात. नदीचे डोहाळे पाहायचे असतील तर मात्र ऑगस्टचा पहिला आठवडाच धरावा. घाटावर एखादी आजी हातात दह्याच्या भाताचा घास ठेवील. कुठल्या गावचे, असे विचारील. मराठी म्हटल्यावर, तिच्या घरी ती बोलत असतील तर, ती मराठीतच विचारील, "जेवला का?"